चांगली शेगडी तूच उचललीस

दिल्या, तुझ्या अंत्यविधीला कोण किती रडलं याचा हिशोब मी डोक्यात पक्का ठेवला आहे. पहिला नंबर पाटणकरचा. जर्सी सिटीहून गाडी हाणत आला, फ्युनरल होमच्या दारातच हंबरडा फोडला, आणि त्यानंतर त्याचे डोळे असे वाहत राहिले की आपल्या श्रूजबरी गावचं तळं त्या दिवशी वीतभर तरी वर आलं असेल. शैलावहिनींना दुसरा नंबर द्यावा लागतोय, कारण तुझी बायको दाराआड रडली, मोजता आलं नाही. माझा नंबर कितवा म्हणशील, तर मी रडलोच नाही. मी पाटणकरकडे बघत होतो. माझ्या मित्रासाठी हा कोण माणूस माझ्या देखत एवढा रडतोय, या विचाराने माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

बोलायलाही त्यालाच उभं केलं. स्टेट कॉलेजला शिकताना तुम्ही दोघं एका खोलीत राहिलात, एका पातेल्यातली खिचडी दोन चमच्यांनी खाल्लीत, हे सगळं त्याने माईकवरून सांगितलं. मला कुणी बोल म्हणालं नाही. का, तेही मला माहीत आहे. मराठी मंडळाच्या लोकांना भीती वाटली, वसंताच्या हातात माईक गेला तर तो आता बर्फ वितळल्यावरच परत मिळेल.

वर तो पाटणकर माझ्याकडेच चालत आला. "तुम्ही वसंतराव ना? शेगडीवाले वसंतराव?" मी हो म्हणायच्या आत त्याने मला मिठी मारली. "यार, काय ती तुमची शेगडी! आणि ती अस्वलं!" असं म्हणून तो हसायला लागला, हसता हसता पुन्हा रडायला लागला, आणि माझा एकुलता एक चांगला कोट खांद्यापासून खिशापर्यंत भिजवला. अजून काहीतरी पुटपुटत होता, हेवा-बिवा असं काहीसं. मी ऐकलं नाही. मी लाकडासारखा उभा होतो. म्हणजे तू सगळं तिकडे सांगत होतास! माझी न पेटणारी शेगडी, माझं अस्वल, सगळा माल फोनवरून जर्सी सिटीला पोचत होता आणि तुम्ही दोघं तिकडे पोट धरून हसत होतात.

त्या दिवशी घरी येताना ठरवलं, दिल्याला एकच प्रश्न विचारायचा. तू आता उत्तर देणार नाहीस हे मला कळतं, पण जिवंतपणी तरी तू मला कुठे सरळ उत्तर दिलं होतंस? म्हणून लिहून विचारतो. इतकी वर्षं शनिवारी तू माझ्याकडे यायचास तो कुणासाठी? माझ्यासाठी, की त्या शेगडीसाठी?

पहिल्यापासून सांगतो. तू हजारदा ऐकलं आहेस. आता हजारएकदा ऐक, तुला कुठे जायचंय?

न्यू हॅम्पशरच्या डोंगरात एक म्हातारं मोटेल बंद पडत होतं आणि त्यांनी दोन पेलेट स्टोव्ह विकायला काढले होते. लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, मागे पिंप. पिंपात भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या ओतायच्या, विजेवर फिरणारा स्क्रू त्या थोड्या थोड्या करून आतल्या वाटीत टाकतो आणि तिथे जाळ होतो. आपण दोघांनी भाड्याचा पिकअप ट्रक घेतला आणि गेलो. दोन्ही शेगड्या एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, त्या वेळीच निवृत्तीला आलेल्या. आणि वजन! एक उचलताना माझी उंची इंचभर कमी झाली, ती आजतागायत भरून आलेली नाही.

तू काय केलंस? कलिंगड निवडावं तसं दोघींना बोटाच्या पेराने वाजवून बघितलंस. एकदा हिला, एकदा तिला. मग डावीकडची दाखवून म्हणालास, "ही माझी."

"का?"

"अशीच."

दिल्या, त्या एका "अशीच"वर मी जेवढा जळलो तेवढ्या गोळ्या या दोन्ही शेगड्यांनी मिळूनही जाळल्या नसतील.

परत येताना गॅस भरायला थांबलो, आणि त्या पंपामागच्या झाडीतून अस्वल आलं. काळं. आपल्या ट्रकएवढं. मी शेगडीचं धुराडं उपसलं, दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवलं आणि अशी काही आरोळी ठोकली की ते अस्वल पलीकडच्या राज्यात, व्हरमाँटमध्ये जाऊनच थांबलं. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. गणपतीत सांगितली, दिवाळीत सांगितली, लोकांच्या मुलांच्या ग्रॅज्युएशनला सांगितली. आणि दर वेळी मी "ते दोन पायांवर उभं राहिलं" इथे आलो की कोपऱ्यातून तुझा आवाज यायचा, तोंडात चकली असताना.

"कुत्रा होता."

मी न ऐकल्यासारखं करून पुढे जायचो. ते गुरगुरलं, त्याने झेप...

"बांधलेला होता."

दोन वाक्यं. तीच, त्याच क्रमाने. लोक हसायचे आणि माझं अस्वल तिथल्या तिथे मरायचं. त्याच्या गळ्यात पट्टा होता एवढं मी आजही मान्य करतो. पण अस्वलाला पट्टा घालू नये असा कायदा न्यू हॅम्पशरमध्ये आहे का? हा वाद आपला अर्धा राहिला.

दुसरा अर्धा राहिलेला वाद शेगडीचा. माझी शेगडी पेटायची, दहा मिनिटं छान नाचायची, मग ज्योत जांभया द्यायला लागायची, काच काळी व्हायची, आणि खटकन सगळं बंद. तुझी? तुला विचारलं की दोनच शब्द: "आमची चालते." थंडीत तुझ्या घरावरून जाताना मी मुद्दाम गाडी हळू करायचो. तुझ्या भिंतीतल्या नळकांड्यातून गरम हवा अशी थरथरत बाहेर पडत असायची की मला वाटायचं, हा दिल्या आत बनियनवर बसून आंबे खातोय. मी घरी येऊन माझ्या शेगडीला बुटाच्या टोकाने हळूच मारायचो. आणि तू भेटलास की म्हणायचो, "चांगली शेगडी तूच उचललीस."

"बदलून घे."

"आता कशाला बदलून घे? निवडताना का नाही विचारलंस?"

"मग नको घेऊस."

माझं निदान साधं होतं. समोरचा शेजारी नाताळची रोषणाई करतो, ती माझी वीज ओढून घेते, म्हणून शेगडीला जोर पुरत नाही. तू विचारलंस, "एप्रिलमध्ये पण त्याचा नाताळ असतो का?" मी म्हटलं, तो धार्मिक माणूस आहे.

शेगडी अशी बंद पडून बसली की मीना मला न विचारता तुला फोन करायची. "भावजी, परत बसली हो." माझी बायको माझ्याशी अख्ख्या आठवड्यात इतक्या गोड आवाजात एकदाही बोललेली मला आठवत नाही. आणि तू यायचास. बूट काढायचास, माझ्याकडे बघायचासही नाहीस, थेट शेगडीपुढे गुडघ्यांवर बसायचास आणि विचारायचास, "काय गं, काय झालं?" हा आवाज तू कुठे ठेवला होतास रे? मला फ्लू झाला होता तेव्हा तू दारातूनच म्हणाला होतास, "मेलास का?" आमची अनुजा सुट्टीला घरी आली होती, तिने एकदा हे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, काका टॉक्स टू द स्टोव्ह मोअर दॅन टू यू." लेकराच्या तोंडून खरं ऐकायला फार वाईट वाटतं.

मग तुझी पूजा सुरू व्हायची, आणि पूजेचा क्रम कधी बदलला नाही. आधी आतली वाटी काढायची, तिच्या भोकांत काचेसारखी घट्ट झालेली राख टोकदार सळईने फोडायची. मग मागच्या विटांची फळी उचलून तिच्यामागे साचलेली राख व्हॅक्यूमने ओढायची. मग धूर बाहेर टाकणारा पंखा, ब्रशने, एकेक पातं. मग दार. दाराच्या कडेला आगीत न जळणारी दोरी असते, ती सैल झाली की फालतू हवा आत शिरते. त्यासाठी तुझ्या पाकिटात एक जुनी दहा रुपयांची नोट असायची. ती दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. निघून आली तर दोरी सैल, नाही आली तर दार ठीक. मी विचारलं होतं, "डॉलर का नाही वापरत?"

"डॉलर इथला आहे. शेगडीची बाजू घेईल."

आणि सगळ्यात शेवटी नळी. मागच्या बाजूला बोटाएवढी काळी रबरी नळी. तू मला एकदा समजावलं होतंस की या नळीतून शेगडी आपला स्वतःचा श्वास तपासते. नळी चिरली की तिला वाटतं आपला श्वास कोंडला, आणि घाबरून ती गोळ्या टाकणंच बंद करते. चिरलेलं टोक तेवढं कापायचं, नळी परत घट्ट बसवायची. मी म्हटलं, "मग नळीच आधी बघ की! एवढा पसारा कशाला?"

"वश्या, तिचं तिला सांगू दे. मधे मधे बोलू नकोस."

मधे मधे बोलू नकोस! मला! तू पिंपाला कान लावून बसायचास, स्क्रू कर्र करतो का ऐकायला, आणि हात वर करून मला गप्प करायचास. मी रुसून गप्प बसायचो. थोड्या वेळाने त्या राखेतून तुझा आवाज यायचा, "मग? अस्वलाचं काय झालं?" मी परत सुरू. "ते दोन पायांवर उभं..." "कुत्रा होता. पक्कड दे."

शिवाय तुझा विसराळूपणा. घट्ट केलेला स्क्रू तू परत सैल करायचास. "अरे, हा आत्ताच बसवलास!" "हो? बघतो परत." विटांची फळी लावून झाल्यावर परत काढायचास. मी मीनाला आत जाऊन सांगितलंसुद्धा, दिल्याचं वय व्हायला लागलंय, हात लावतोय आणि विसरतोय. मीना म्हणाली, "असेल," आणि तव्यावरचं थालीपीठ उलटताना तव्याकडे बघून हसली. पहिलं थालीपीठ तुला. लोण्याचा मोठा गोळाही तुला. मला दुसरं, आणि लोण्याऐवजी डॉक्टरांचं नाव. शेगडी पेटेपर्यंत शनिवार संपलेला असायचा. निघताना तू काचेवर टिचकी मारून म्हणायचास, "येतो गं." तिला. मला नुसती मान.

मग मला सांग, लोखंडाच्या एका म्हाताऱ्या पेटीचा हेवा करायची वेळ माझ्यावर कुणी आणली?

आता तू नसतानाचं सांगतो. तुझे दिवस झाले त्यानंतरच्या शनिवारी शैलावहिनींचा फोन आला. "वसंतराव, शेगडी पेटत नाहीये. बटण दाबलं की थोडी घरघरते आणि गप्प होते. येता का?"

दुसऱ्या कुणाच्या मनात आधी तुझी आठवण आली असती. माझ्या मनात आधी आलं, ती चांगली शेगडी अखेर माझ्या हाताखाली येणार. मी व्हॅक्यूम काढला, ब्रश घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला. मीना म्हणाली, "शेगडी बघायला चाललात की मुलगी?"

तुझा रोहन हातात फोन घेऊन शेगडीशेजारीच उभा होता. तुझी उंची, तुझं नाक, आणि तुझ्यासारखंच तोंडावर काही दिसू न देणं. "काका, नो ऑफेन्स, बट धिस थिंग इज एन्शंट. मी आईला हीट पंप लावून देतोय. मंडेला लोक येतायत, दे'ल हॉल इट अवे. आज चालली तर चालली."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "तू जरा बाजूला हो रोहन. तुझ्या बाबांना ज्यांनी शिकवलं ते आलेत."

मी मागे वळून बघितलं, माझ्यामागून कोण आलंय ते. कुणी नव्हतं.

"मी शिकवलं?"

"मग काय! थंडी सुरू झाली की दर शनिवारी तेच. 'शेगडी परत बसली, वश्याला विचारून येतो.'"

"परत बसली? ही? वहिनी, ही तर चालते."

"कुठली चालते! आठवड्याला एकदा तरी बंद पडतेच. तुमची कशी छान चालते, हे नेहमी सांगायचे. म्हणायचे, वश्याच्या हाताला गुण आहे."

दिल्या, मी खाली बसलो. इतकी वर्षं मी ज्या शेगडीवर जळत होतो ती माझ्या शेगडीइतकीच आळशी होती! "आमची चालते!" दोन शब्दांची इतकी टुमदार थाप मारून तू माझे किती हिवाळे खाल्लेस!

वहिनींचं अजून चालूच होतं. "तुमच्याकडून शिकून आले की इथे दहा मिनिटांत चालू करायचे. मी म्हणायचे, दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा शनिवार तिकडे कशाला लागतो? तर म्हणायचे, वश्या हळूहळू सांगतो. मधे मधे अस्वलं येतात."

दहा मिनिटांचं काम. मी शेगडीच्या काचेत बघत बसलो. त्या काचेत माझ्या घरातली शेगडी दिसायला लागली आणि तिच्यापुढे तू, घट्ट केलेला स्क्रू परत सैल करणारा. बसवलेली फळी परत उचलणारा. "हो? बघतो परत." आणि तव्याकडे बघून हसणारी मीना. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सगळ्या श्रूजबरीत एक मीच होतो ज्याला वाटत होतं की दिल्या विसरायला लागलाय.

पाटणकर काय पुटपुटत होता तेही तेव्हा मला ऐकू आलं, इतक्या दिवसांनी. "मला तुमचा फार हेवा वाटायचा यार. दर फोनवर तुमचंच." त्या बिचाऱ्याला मी पहिला नंबर देऊन वर त्याच्यावर जळत होतो, आणि तो तिकडे माझ्यावर.

"काका? यू ओके?" रोहनने विचारलं.

"शेगडीचं ऐकतोय," मी म्हटलं. "मधे बोलू नकोस."

मग मी नीट बघितलं. दाराच्या फटीतून तुझी दहाची नोट बाहेर आलेली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"ते त्या सकाळी तिथे काहीतरी करत बसले होते," वहिनी म्हणाल्या. "थंडी यायच्या आत बघून ठेवतो म्हणाले. मग चहा टाक म्हणाले, आणि चहा होईपर्यंत खुर्चीत..." त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. "नंतर कुणी हात नाही लावला. मी बटण तेवढं दाबून बघितलं."

मी नोट धरून ओढली. आली नाही. अजून जरा ओढली. नाही आली. म्हणजे दार ठीक. आणि दिल्या, दार ठीक म्हणजे वाटी झालेली होती. विटांची फळी झालेली होती. पंखा झालेला होता. तू कधी क्रम मोडला नाहीस, म्हणून तू नेमका कुठे उठलास हे मला शेगडी न उघडताही कळलं. तू दारापर्यंत आला होतास, आणि चहाला उठलास.

उरली होती फक्त नळी.

मी व्हॅक्यूमला हात लावला नाही. ब्रशला लावला नाही. नोट तेवढी दार उघडून अलगद काढली आणि शेगडीच्या मागे गेलो.

"काका, डोन्ट यू हॅव टू क्लीन इट फर्स्ट?"

"तुझ्या बाबांनी केलंय."

"हाउ डू यू नो?"

कसं सांगू त्याला? मला कुणी शिकवलं नाही. मला तर गप्प बसवलं होतं. गप्प बसलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं? बघत बसलो होतो. मी म्हटलं, "तू वाटी काढून बघ." त्याने काढली, प्रकाशात धरली. सगळी भोकं मोकळी, चाळणीसारखी स्वच्छ. मग त्याने ती जितक्या हळू परत ठेवली तितक्या हळू मी त्याला काही ठेवताना बघितलेलं नाही.

नळीचं टोक चिरलेलं होतं. अगदी बारीक, केसाएवढं. वहिनींची कोथिंबीर कापायची कात्री मागून घेतली, टोक कापलं, नळी परत खोचली आणि बटण दाबलं. पंखा घुमला. स्क्रू कर्र म्हणाला. गोळ्या टपटप वाटीत पडल्या आणि आम्ही तिघं त्या काचेपुढे असे बसलो जसा आत गणपती बसणार आहे. धूर झाला. धुरातून एक पिवळं बोट वर आलं, मग पाच बोटं, मग पंजा. रोहन घड्याळ बघत होता, मी बघत नव्हतो, मला तो दहा मिनिटांचा टप्पा पाठ आहे. तो आला आणि गेला. ज्योत सरळ उभी राहिली. खटका पडला नाही.

"बघ," वहिनी मुलाला म्हणाल्या. "मी सांगत होते ना?"

रोहनने फोन काढला. "आय'ल कॅन्सल देम," म्हणाला, आणि आतल्या खोलीत जाऊन, माझी खात्री आहे, रडला. त्याचा नंबर मला वर घ्यावा लागणार.

आता खरं पोटदुखीचं सांगतो. तिथे बसल्या बसल्या मला एका माणसाचा असा हेवा वाटला की पाटणकर, शेगडी, लोण्याचा गोळा, सगळं त्यापुढे फिकं. तुझ्या घरात एक वसंतराव राहतो, दिल्या. त्याच्या हाताला गुण आहे. त्याची शेगडी कधी बंद पडत नाही. जर्सी सिटीतली माणसं त्याच्यावर जळतात, आणि तुझ्यासारखा माणूस दर शनिवारी त्याच्याकडे शिकायला जातो. असा मित्र कुणाला नको असेल? मला आयुष्यात एकदा तरी त्याला भेटायचं होतं. माझ्या वाट्याला नुसता तू आलास, स्क्रू सैल करत बसणारा. तोही आता नाही.

मी स्वतःला या भागातला पहिल्या नंबरचा थापाड्या समजत होतो. लोकही समजतात. आणि तू दोन-दोन शब्दांत, चकली चघळत, मला कुठल्या कुठे मागे टाकून निघून गेलास. हेही चांगलं तूच उचललंस.

वहिनींनी चहा आणला. मी नको म्हणालो नाही, पण त्या खुर्चीत बसलो नाही. नोट माझ्या खिशात होती. ती मी विचारून घेतलेली नाही आणि परतही करणार नाही. शेगड्या सारख्याच निघाल्या, तेव्हा नोट तरी माझी.

रोहन चेहरा धुऊन बाहेर आला आणि शेगडीजवळ जमिनीवर बसला. थोडा वेळ जाळ बघितला, मग लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "काका, द बेअर्स. वॉज दॅट रिअल?"

"खरंच की," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय. तुम्ही धुराडं उगारलंत आणि दोन्ही अस्वलं पळाली म्हणे. दोन होती ना हो?"

दोन, दिल्या?

मी तर कायम एकच सांगत आलो. सगळ्या गावासमोर माझ्या एका अस्वलाचा तू कुत्रा करायचास, आणि घरी जाऊन बायको-मुलासमोर त्याची दोन अस्वलं? म्हणजे तू ऐकत होतास. राखेत तोंड घालून, हात वर करून मला गप्प करून, तू एक एक शब्द ऐकत होतास, आणि घरी नेऊन माझ्यासाठी वाढवून ठेवत होतास. तुझं उत्तर मिळालं मला. तो प्रश्न विचारायला मी हे लिहायला बसलो होतो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी मला पहिल्यांदाच खरं सांगावंसं वाटलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "दोन नव्हती."

रोहनचा चेहरा पडला. "बट डॅड सेड टू."

"तुझे बाबा गॅस भरत होते, त्यांना मागचं दिसलं नाही. तीन होती. तिसरं सगळ्यात मोठं. ते आलं, आणि दोन पायांवर उभं राहिलं..."

आणि मी थांबलो. सवयीने. इथे तुझी जागा आहे ना. वहिनींनीही कोपऱ्याकडे बघितलं. शेगडीचा स्क्रू कर्र म्हणाला, चार गोळ्या पडल्या, ज्योत जराशी हलली आणि परत सरळ झाली. मी अजून थोडा वेळ वाट बघितली.

कुणीच काही म्हणेना. मग मला पुढे सांगावंच लागलं.